स्टेजवरचा सोफा

बेंजामिन टायटस रॉबर्ट्स हे नाव आज यवतमाळात कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. न्यूयॉर्क राज्यातला हा मेथडिस्ट पाळक. 1857 साली त्याने आपल्याच मंडळीवर एक झणझणीत लेख लिहिला. त्या काळी तिथल्या सुखवस्तू लोकांच्या चर्चमध्ये बाकं भाड्याने किंवा विकत दिली जात. पैसेवाल्याचं बाक पुढे, गरिबाने मागे कुठेतरी जागा शोधायची. गुलामगिरीचा विषय निघाला की मात्र पुलपिटावरून मोठी काळजीपूर्वक भाषा सुरू व्हायची, कारण मंडळीचे काही सभासद स्वतःच गुलाम बाळगून होते. 1858 मध्ये रॉबर्ट्सला काढून टाकलं. 1860 साली त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी वेगळी मंडळी उभी केली. तिथे बाकाला भाडं नव्हतं आणि गुलामांच्या मालकाला जागा नव्हती. हीच फ्री मेथडिस्ट मंडळी. तिचे मिशनरी पुढे वऱ्हाडात आले, यवतमाळला राहिले, उमरीला दवाखाना चालला. (बायकांनाही पाळकाची दीक्षा द्यावी म्हणून याच रॉबर्ट्सने 1891 साली अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या मंडळीने ते मान्य करायला पुढची ऐंशी वर्षं घेतली, तो भाग वेगळा.)

माझी पणजी 1900 च्या दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला आलेली पोर. तिचं गाव कोणतं, जात कोणती, तिलाही धड सांगता येत नसे. वडिलांकडचे लोक मात्र कळंबकडच्या एका गावचे महार. तिथल्या एका घराने बाप्तिस्मा घेतला, बाकीची घरं तशीच राहिली आणि 1956 च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांच्या मागे दीक्षाभूमीवर गेली. आडनाव एक, पणजोबा एक, शेताचा धुरा एक. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे याचं काम पडणार आहे.

लिहायला बसले आहे ते नाताळच्या स्टेजबद्दल. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती मतं ती किती! त्यांच्यावर नगरसेवकसुद्धा निवडून यायचा नाही. तरी डिसेंबर आला की पुढारी येतात. सर्व पक्षांचे येतात. स्टेजवर लग्नाच्या हॉलमधून आणलेला मखमली सोफा मांडला जातो, त्यावर पांढरी चादर, समोर बिसलेरीच्या बाटल्या. पाळकसाहेब बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. कॅरल म्हणायला उभी असलेली पोरं साहेबांची गाडी येईपर्यंत थंडीत ताटकळतात. साहेब आले की शाल, श्रीफळ, केक, फोटो. भाषण ठरलेलं असतं: येशूने प्रेमाचा संदेश दिला, आपला जिल्हा सर्वधर्मसमभावाचा, दफनभूमीच्या भिंतीचं मी बघतो. टाळ्या. साहेब दुसऱ्या कार्यक्रमाला जातात आणि मग आमची उपासना सुरू होते. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून बघा. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी, असं करणाऱ्या मंडळीला तिथे काय सुनावलं आहे ते वाचा. हा अध्याय आम्ही संडेस्कूलमध्ये पोरांना शिकवतो. डिसेंबरात नाही शिकवत.

पुढारी आले म्हणून माझी तक्रार नाही. आमच्या घरी सणाला कुणीही यावं, डोनट आणि करंजी दोन्ही खावं. तक्रार ही की तो माणूस वर बसतो, आम्ही खाली बसतो आणि त्याला एक प्रश्न विचारत नाही.

मणिपूरचंच घ्या. ते यवतमाळहून फार लांब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना या गावाचा इतिहास ठाऊक नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी पुण्याला बिबवेवाडीत गेली ती 1983 साली. त्याआधी तीस वर्षं ती आमच्या यवतमाळात होती. देशभरातून मुलं इथे धर्मशास्त्र शिकायला यायची. केरळची, आंध्रची, नागालँड, मिझोराम, मणिपूरची. माझे वडील तिथल्या मेसमध्ये होते. ज्वारीची भाकरी पहिल्यांदा पानात पडली की डोंगराकडच्या पोरांचे चेहरे कसे व्हायचे, याची नक्कल ते घरी करून दाखवत. मग हळूच त्यांच्यासाठी भाताचं वेगळं पातेलं चढवत. त्यातला मणिपूरचा एक दादा मला आठवतो. आमच्या स्वयंपाकघराच्या काळ्या भिंतीवर खडूने सा-रे-ग-म ऐवजी डो-रे-मी ची अक्षरं लिहून त्याने आम्हा भावंडांना एकाच गाण्याचे चार वेगवेगळे सूर शिकवले होते. हा दादा बाजारात गेला की पोरं मागे लागायची. चिनी, चिनी. 1962 च्या युद्धाला दहा-बारा वर्षं झाली होती, पण डोळ्यांची ठेवण दिसली की लोकांना युद्ध आठवायचं. एकदा एका दुकानदाराने त्याला पैसे घेऊनही आत येऊ दिलं नाही, माल फळीवरून सरकवला. वडील परत जाऊन त्या दुकानदाराशी भांडले. दादा म्हणाला, मामा, राहू द्या, मला सवय आहे. वडिलांना राग आला तो त्या सवयीचा.

अमेरिकेत काळ्या माणसाशी गोरा कसा वागतो हे सांगायला आपल्याकडे सगळे पुढे असतात. आपल्याच देशातल्या माणसाला नाकडोळे पाहून परका ठरवणं हा वंशभेद नाही तर दुसरं काय? 2014 च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलचा कॉलेजकुमार निदो तानिया लाजपतनगरच्या बाजारात त्याच्या केसांवरून सुरू झालेल्या टिंगलीत मार खाऊन मेला. सरकारने बेझबरुआ समिती नेमली. समितीने अहवाल दिला. वंशावरून अपमान हा वेगळा गुन्हा ठरवणारा कायदा करा, ही त्यातली मोठी शिफारस होती.

मग 3 मे 2023. मणिपूर पेटलं. अडीचशेच्या वर माणसं मेली, साठ हजारांच्या आसपास बेघर झाली. कुकी-झो लोकांची चर्च जळाली, मैतेईंमधल्या ख्रिस्ती लोकांचीही जळाली, देवळंही फुटली. हा नुसता हिंदू-ख्रिस्ती दंगा होता असं म्हणणं खोटं ठरेल. जमीन, आरक्षण, डोंगर आणि खोरं, सगळं त्यात होतं. पण राज्यकर्त्याचं काम काय असतं? दोन बायकांची विवस्त्र धिंड निघाली 4 मे ला, देशाला व्हिडिओ दिसला 19 जुलैला, आणि तोंड उघडलं गेलं ते त्यानंतर. मुख्यमंत्री बिरेन सिंह यांनी माफी मागितली 31 डिसेंबर 2024 ला आणि राजीनामा दिला 9 फेब्रुवारी 2025 ला. पंतप्रधान चुराचांदपूरला पोचले 13 सप्टेंबर 2025 ला. मधल्या काळात, 2023 च्या नाताळात, त्यांनी आपल्या निवासस्थानी ख्रिस्ती मान्यवरांना बोलावलं होतं. तेव्हा मणिपूर जळायला लागून आठ महिने होत आले होते. गेलेल्यांपैकी कुणी तिथे तो विषय काढला का, याचं उत्तर त्या मान्यवरांनी आपापल्या मंडळ्यांना द्यायचं आहे. नंतर देशभरातल्या हजारो ख्रिस्ती लोकांनी पत्रक काढून सांगितलं की ते आमच्या वतीने गेले नव्हते.

आमच्याकडे काय झालं? मी आता ज्या मंडळीत जाते तिचं नाव देत नाही, कारण जिल्ह्यातल्या बहुतेकांना हे लागू पडेल. एका रविवारी मणिपूरसाठी प्रार्थना झाली. चांगली झाली, काही जणी रडल्या. त्यानंतर सूचना: पुढच्या रविवारी तरुण संघाची सहल. मी म्हटलं, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राष्ट्रपतींना एक निवेदन देऊ, शंभर सह्या करू. एक ज्येष्ठ सभासद माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘बाई, काहून खाजवून खरूज काढता? आपलं भिंतीचं काम अडकलं आहे न.’

ही भिंत म्हणजे आमच्या राजकारणाची गुरुकिल्ली आहे. दफनभूमीत डुकरं शिरतात, शेजारचा शेतकरी दर पावसाळ्यात हातभर पुढे सरकतो, म्हणून संरक्षक भिंत हवी. भिंत आमदार निधीतून होते. मिशनच्या जुन्या जमिनींची कागदपत्रं अर्धवट, त्यासाठी कुणाचा तरी फोन लागतो. मिरवणुकीची परवानगी, स्पीकरची परवानगी, त्यालाही फोन. छोट्या समाजाला कुणाचा तरी आडोसा लागतो हे मला कळतं. पण आडोसा देणाऱ्याने आजवर काय दिलं याचा हिशेब आम्ही कधी केला नाही.

2025 च्या जूनमध्ये सांगलीत एका विवाहितेच्या आत्महत्येवरून लोक संतापले. सासरच्यांनी ख्रिस्ती रीती पाळायला छळलं असा आरोप होता. आरोप खरा असेल तर त्यांना शिक्षा झालीच पाहिजे, आणि त्यात कुणी पाळक असेल तर त्यालाही. पण तिथल्या सभेत जतचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी काय करावं? धर्मांतर करवणाऱ्या पाद्र्यांना मारणाऱ्याला लाखांची बक्षिसं जाहीर केली. निवडून आलेल्या माणसाने, माइकवरून, कॅमेऱ्यासमोर. पुढच्या महिन्यात मुंबईत आझाद मैदानावर ख्रिस्ती लोक जमले. मी वाट पाहिली की गेल्या डिसेंबरात ज्यांनी आमच्या स्टेजवर प्रेमाचा संदेश दिला, त्यांतला एखादा तरी, कोणत्याही पक्षाचा, जिल्ह्याच्या पेपरात चार ओळींचा निषेध देईल. माझ्या वाचनात तरी आला नाही.

यवतमाळला स्टेजचं राजकारण नवीन नाही. जानेवारी 2019 चं 92 वं साहित्य संमेलन आमच्याच गावात झालं. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं निमंत्रण गेलं, धमक्या आल्या, निमंत्रण परत घेतलं गेलं. मग आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी वैशाली येडे यांच्या हातून उद्घाटन झालं आणि त्या बाईने साध्या शब्दांत सगळ्यांना सुनावलं. प्रेक्षकांत काही जणी सहगलांचे मुखवटे घालून बसल्या होत्या. पुढच्याच वर्षी उस्मानाबादच्या संमेलनाला अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आयुष्यभर मराठीत लिहिलेला, हरित वसईसाठी गुंडांसमोर उभा राहिलेला माणूस. तरी ‘पाद्री कसा चालेल’ म्हणून ओरड झालीच.

आता त्या शेताच्या धुऱ्याकडे येते. माझ्या पुतण्याची मुलगी नर्सिंगला जायची होती. तिचा दाखला, तिच्या बापाचा दाखला, आजोबांचा दाखला. एका ठिकाणी ‘महार’, दुसऱ्या ठिकाणी ‘ख्रिश्चन’, तिसऱ्या ठिकाणी ‘ख्रिश्चन महार’ आणि त्यावर कुणीतरी निळ्या शाईने मारलेली रेघ. ज्या कचेरीत गेलो तिथला कारकून भला माणूस होता. त्याने हळू आवाजात सुचवलं, धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा, चर्चला कोण जातं ते आम्ही बघत नाही. त्याच गावातली, त्याच आडनावाची, आमच्या चुलत घरातली मुलगी बौद्ध म्हणून अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडली होती. तिला मिळालं याचा मला आनंदच आहे. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने 1990 साली बौद्धांसाठी ते दार उघडलं, शिखांसाठी 1956 सालीच उघडलं होतं. आमच्यासाठी बंद आहे ते 10 ऑगस्ट 1950 पासून. अनुसूचित जातींबद्दल राष्ट्रपतींनी त्या दिवशी काढलेल्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. पण गावाने आम्हाला इतर मागास म्हणून कधी वागवलं? विहिरीवर आम्ही महारच होतो.

मद्रासच्या सूसाईची गोष्ट सांगते. हा एग्मोरच्या रस्त्यावर बसून चपला शिवणारा चांभार. सरकारने रस्त्यावरच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या. शेजारच्या हिंदू चांभाराला मिळाली, सूसाईला नाही, कारण तो ख्रिस्ती. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1985 साली न्यायालयाने सांगितलं, नव्या धर्मातही तुला तेवढाच त्रास होतो याचा पुरावा दे. तेच चामडं, तीच आरी, तोच फुटपाथ. 2007 साली रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा असं स्पष्ट लिहून दिलं. केंद्रात काँग्रेसचं सरकार होतं. अहवाल संसदेत मांडायलाच डिसेंबर 2009 उजाडला आणि मांडून झाल्यावर तो तसाच राहिला. 1950 चा आदेश आला तेव्हाही दिल्लीत त्यांचंच राज्य होतं, तेव्हा आमच्या स्टेजवर येणाऱ्या खादीवाल्या साहेबांनी फार ताठ बसायचं कारण नाही. आताच्या सरकारने 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला आणि त्याला मुदतवाढ देत राहिलं. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मनाने ख्रिस्ती राहून आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाशी लबाडी आहे. लबाडी खरीच. पण ती करायला भाग कोण पाडतं? 2025 मध्ये आंध्रच्या उच्च न्यायालयाने एका पाळकाला सांगितलं, तू ख्रिस्ती झालास, आता ॲट्रॉसिटीचा कायदा तुझ्यासाठी नाही. म्हणजे जातीवरून शिवी देणाऱ्याला त्याची जात बरोबर आठवते, फक्त कायद्याला आठवत नाही.

हे सगळं सरकारवर ढकलून मोकळं होता येत नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिलं आहे, आणि ते वाचताना आमच्यातले पुष्कळ जण अंग चोरतात. त्यांचं म्हणणं असं की मिशनने जात मोडण्याचा नेट धरला नाही, आणि भारतीय ख्रिस्ती समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाही. शिकले, नोकऱ्या मिळाल्या, गप्प बसले. मला यातलं एक अक्षर खोडता येत नाही. आमच्यातली लग्नं आजही कुणाचे आजे कोण होते हे हळूच विचारून ठरतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा माणूस 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडतो, गोऱ्या साहेबांच्या हाताखालून निघून देशी पायावर उभं राहू म्हणतो, त्याला आम्ही अभंगांपुरता ठेवला. आणि जोतीराव फुले! 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा त्यांनी ती अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवायला झीज सोसली. रॉबर्ट्स त्यातलाच एक. पुण्याच्या मिशन शाळेत शिकलेल्या माळ्याच्या मुलाला तिकडचं आणि इकडचं दुःख एकच आहे हे दिसलं. यवतमाळच्या ख्रिस्ती पुलपिटावरून मी जोतीरावांचं नाव अजून ऐकलेलं नाही.

मार्टिन ल्यूथर किंगने 1963 साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं ते गव्हर्नरला नव्हे, पोलिसप्रमुखाला नव्हे. थोडं थांबा, घाई करू नका, असं सांगणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना. त्याला सगळ्यात जास्त कुणाची शांतता बोचत होती ते यावरून कळतं. आणि 21 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये बिशप मॅरियन बड्डी पुलपिटावर उभ्या होत्या, नवे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प समोर बाकावर. बाईंनी आवाज न चढवता सांगितलं की जे घाबरले आहेत त्यांच्यावर दया करा: शेतात राबणारे, भांडी घासणारे, कागदपत्रं नसलेले परदेशी मजूर. साहेबांना आवडलं नाही, त्यांनी माफी मागा म्हटलं. बाईंनी मागितली नाही. त्या दिवसाची बसण्याची व्यवस्था बघा. राष्ट्राध्यक्ष खाली, धर्मसेवक वर. हीच खरी व्यवस्था, आणि त्यासाठी आमदार निधी लागत नाही.

म्हणून यंदा मंडळीच्या सभेत मी ठराव मांडला. नाताळला पुढाऱ्यांना बोलवायचं, पण त्यांनी बाकावर बसायचं, सगळ्यांसारखं. शाल नाही. भाषण नाही. उपासनेनंतर चहा घेताना एक छापील कागद हातात द्यायचा आणि दोन गोष्टींवर लेखी उत्तर मागायचं: 1950 च्या आदेशातली धर्माची अट काढायला तुम्ही सभागृहात कधी बोललात, आणि पाळकांना मारण्याची बक्षिसं लावणाऱ्याबद्दल तुमचं मत काय. उत्तर आलं किंवा नाही, दोन्ही नोटीस बोर्डावर लावायचं.

सभा तीन तास चालली. मला वाटलं होतं ठराव सरळ पडेल. तरुण संघातली चार-पाच पोरं माझ्या बाजूने उभी राहिली, त्यात ती नर्सिंगची मुलगीही होती. पाळकसाहेब काहीच बोलले नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत हा पाठिंबाच समजायचा. खजिनदारांनी विचारलं, मग भिंतीचं काय? मी म्हटलं, वर्गणी काढू, आपली माणसं आपण राखू, नाही पुरली तर यंदा तीन बाजू बांधू. यावर बरीच वादावादी झाली. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. पण खजिनदारांनी दुसऱ्याच दिवशी भट्टीवर माणूस पाठवून विटेचा भाव काढून आणला.